रॅम सोळा अंशांवर स्थिर

सोमवार, ३ मार्च

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. डोळ्यांच्या दवाखान्यांची एक मोठी साखळी आहे. त्यांचे सगळे स्कॅन आमच्याकडे सांभाळायला द्यायचे त्यांच्या मनात आहे. अट एकच. सर्व्हर रूममधल्या प्रत्येक गोष्टीचं तापमान स्क्रीनवर दिसलं पाहिजे. प्रोसेसर, डिस्क, खोली आणि रॅमची, म्हणजे मशीनच्या स्मृतीची, एकेक पट्टी. आधीच्या ठिकाणी म्हणे रॅम तापून त्यांचे काही स्कॅन खराब झाले. दुधाने तोंड पोळलेले लोक आहेत. २८ तारखेला तपासणी.

जमलं तर मशीन इथेच राहील, खोलीही राहील आणि खोलीत मी राहीन. नाही जमलं तर सगळं एका भाड्याच्या जागेत जाईल आणि मला फोनच्या टेबलावर बसवतील. साहेबांनी हे अगदी सहज, चहा ढवळता ढवळता सांगितलं.

फोनच्या टेबलावर दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकाव्या लागतात. माझा स्वभाव चिंतनाचा. सर्व्हर रूममध्ये पंख्यांचा एकसुरी आवाज असतो, त्यात देवाचं नाव फार छान लागतं. माझी अर्धी नोकरी तिथेच गेली. सौ. म्हणते तुम्हाला गारवा आवडतो, बाकी काही नाही. तिला सगळं सांगत बसत नाही.

किती दिवस लागतील, साहेबांनी विचारलं. म्हटलं, आठ. खरं तर चार पुरतील. नम्रता म्हणून आठ सांगितले.

त्याच दिवशी, दुपारी ४

प्रोसेसर दिसला, ५१. डिस्क ३४. खोली २२. रॅम दिसत नाही. आमच्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते, तीत त्यासाठी ड्रायव्हर आधीपासूनच आहे. देवाचं नाव घेऊन लोड केला. गप्प. चूकही दाखवत नाही, आकडाही दाखवत नाही.

निदान: ड्रायव्हरमध्ये दोष आहे. आमच्या पट्ट्यांना तो ओळखत नाही. उद्या दुरुस्त करीन.

मंगळवार, ४ मार्च

आमच्या हिशेबनीस बाई सर्व्हर रूमच्या बाहेरच बसतात, फोनचं टेबलही सध्या त्याच सांभाळतात. त्यांना ड्रायव्हर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ऑपरेटिंग सिस्टीमला हार्डवेअरची भाषा येत नाही, हार्डवेअरला हिची येत नाही. ड्रायव्हर हा मधला माणूस. सेन्सरशी तो बोलतो आणि काय बोलणं झालं ते आपल्याला येऊन सांगतो. तो गप्प आहे, म्हणजे त्याला बोलता येत नाही.

बाई म्हणाल्या, किंवा पलीकडे कोणी नसेल.

बाई हुशार आहेत, पण श्रद्धा कमी.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून सी भाषेचा अभ्यास. दुपारचा चहा बंद. वर्तमानपत्र बंद.

बुधवार, ५ मार्च

पहाटे उठलो नाही. अभ्यासाच्या आदल्या दिवशी झोप पुरेशी हवी, ती आज भरून काढली.

ड्रायव्हरची फाईल उघडली. सहाशेच्या आसपास ओळी. पहिल्या चाळीस वाचल्या. शब्द न् शब्द समजला. त्यात कोणी लिहिलं, कधी लिहिलं, वापरताना काय शर्ती आहेत, असं सगळं आहे. लिहिणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार केला. आमच्या शाळेत गुरुजी आधी पुस्तकाला हात जोडायला लावत. ती सवय आयुष्यभर कामाला आली.

चहा घेतला. एकदम बंद केला तर डोकं दुखतं असं वाचलं आहे.

शुक्रवार, ७ मार्च

सी भाषेत पॉइंटर नावाचं प्रकरण आहे. दोन दिवस त्यावर घालवले. त्याशिवायही चांगला माणूस होता येतं, असं माझं मत झालं आहे. ते सोडून पुढे गेलो.

सौ. म्हणाली, फ्रिजचं दार नीट लागत नाही, दूध नासतंय, जरा बघा. म्हटलं, रविवारी. म्हणाली, मागच्या रविवारीही रविवारीच म्हणाला होतात. तिला सांगितलं की सध्या मी तापमानाच्याच कामात आहे. ती म्हणाली, मग फ्रिजमध्ये दुसरं काय असतं?

रविवार, ९ मार्च

फ्रिजचं दार नाडीने बांधलं. तात्पुरती सोय.

मंगळवार, ११ मार्च

साहेबांनी विचारलं, आठ दिवस झाले. म्हटलं, पाया पूर्ण झाला. त्यांनी विचारलं, भिंती कधी? हसलो. त्यांना माझं हसणं आवडलं असावं, स्वतः उठून केबिनचं दार उघडून दिलं.

हा ड्रायव्हर सांभाळणारे लोक एका मेलच्या यादीवर असतात. तिथे पत्र टाकलं. इंग्रजी जरा औपचारिक झालं, पण भाव पोचला असेल.

बुधवार, १२ मार्च

यादीवरच्या गृहस्थांचं उत्तर आलं. दोनच ओळी. पट्ट्यांचा मॉडेल नंबर काय, आणि हे लक्षात घ्या की साध्या पट्ट्यांवर बहुधा सेन्सर नसतोच.

गृहस्थ घाईत दिसतात. आमच्या पट्ट्या त्यांनी पाहिलेल्या नाहीत. हिरव्यागार, स्वच्छ पट्ट्या आहेत.

त्यांना सविस्तर उत्तर लिहिलं. ऑफिसची माहिती, माझं शिक्षण, गावची शाळा, या कामाकडे बघण्याची माझी दृष्टी. चार पानं झाली. पाठवल्यावर लक्षात आलं, मॉडेल नंबर राहिला. त्यासाठी मशीन बंद करून उघडावं लागेल. मशीन कधी बंद झालेलं नाही हा माझा अभिमान आहे. अभिमान वाईट, पण हा चांगल्या गोष्टीचा आहे.

शुक्रवार, १४ मार्च

मशीन बंद पडलं.

ड्रायव्हरमध्ये मी एक छोटा बदल केला होता. पॉइंटरशी संबंधित असावा. लोड केल्याबरोबर स्क्रीनवर पुष्कळ आकडे आले आणि मग काहीच आलं नाही. ज्या लहान दवाखान्यांचे स्कॅन आमच्याकडे आधीपासून आहेत, त्यांतल्या एकालाही दुपारभर ते उघडता आले नाहीत. फोन वाजत राहिला, बाई उचलत राहिल्या. काचेतून दिसत होतं. त्या एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने माझ्याकडे बोट दाखवत होत्या, बहुतेक माझा धीर वाढवायला.

संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत. एवढ्या वर्षांनी यंत्राला थोडी विश्रांती मिळाली.

नंतर बाई म्हणाल्या, तुम्हाला महिनाअखेरीस इथे बसायचंय ना, मग आजच सराव करून घ्यायचा होता. त्या गेल्यावर तिथे बसून पाहिलं.  फोनच्या टेबलाची खुर्चीसुद्धा उंच आहे, पाय लोंबकळतात.

सोमवार, १७ मार्च

आज दिवस उजाडला म्हणायचा.

ड्रायव्हर का बोलत नाही ते सापडलं. तो संशयी आहे. चिप भेटली की आकडा विचारायच्या आधीच चौकशी सुरू. तू कोण, तुला बनवलं कोणी, तुला काय काय येतं. उत्तर मनासारखं नाही मिळालं तर पाठ फिरवून निघून जातो. आमच्या घरी दारात आलेल्याला आधी पाणी देत. कूळ विचारायची पद्धत नव्हती. वडिलांनी एकदा एका अनोळखी माणसाला जेवू घातलं होतं. तो जप्ती आणायला आला होता असं नंतर कळलं, पण तोपर्यंत त्याचं जेवण झालं होतं.

ते सगळे प्रश्न काढून टाकले.

मशीनच्या आत प्रत्येक चिपला आकड्यांचा एक पत्ता असतो. ज्या पत्त्यांवर ड्रायव्हर शोधत होता तिथे कोणीच नव्हतं. शेजारच्या पत्त्यांवर शोधलं. चार चिप्स हजर. पट्ट्या चार, चिप्स चार! देवाने जोड्या लावूनच ठेवल्या होत्या. ड्रायव्हरला म्हटलं, जा, यांच्याशी बोल, उगाच चौकश्या नकोत.

आणि आकडा आला. सोळा. चारही पट्ट्या, सोळा अंश.

डोळ्यांत पाणी आलं. मशीनच्या दारावर हलकेच हात ठेवून उभा राहिलो.

मंगळवार, १८ मार्च

सकाळी सोळा. दुपारी सोळा. कामाची गर्दी असताना प्रोसेसर ६८ वर गेला, रॅम सोळा. गर्दी ओसरली, प्रोसेसर ४९ वर आला, रॅम सोळा.

माझ्यासारख्या माणसाने यातून शिकायला हवं. प्रोसेसर म्हणजे आपलं मन, जरा काम आलं की तापतं. स्मृती मात्र स्थितप्रज्ञ. पंधराव्या वर्षापासून मी जे साधायचा प्रयत्न करतोय ते या पट्ट्यांना जमलं आहे.

बाईंना दाखवलं. बघून म्हणाल्या, खोलीत बावीस आहे, मग ही सोळा कशी? म्हटलं, माठातलं पाणीही खोलीपेक्षा गार असतंच की. बाई म्हणाल्या, माठ पाझरतो. रॅम पाझरते का?

सगळ्याच प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

साहेबांना मात्र दाखवताच खूश झाले. मोठ्या स्क्रीनवर लावायला सांगितलं. पाठीवर थाप मारली. माझ्या आठवणीतली पहिलीच. लगेच त्या दवाखान्यांच्या लोकांना फोन केला आणि माझ्यासमोर सांगितलं, आमची रॅम सोळाच्या वर जातच नाही.

गुरुवार, २० मार्च

सुधारलेला ड्रायव्हर यादीवर पाठवला. जगातल्या इतर लोकांनाही उपयोग व्हावा. विद्या दाबून ठेवू नये.

शुक्रवार, २१ मार्च

यादीवरच्या गृहस्थांचं उत्तर. किती बारकाईने वाचलं आहे! माझ्या प्रत्येक ओळीवर शेरा आहे. एकही ओळ सोडलेली नाही.

शेवटी लिहिलं आहे की मी वाचतोय ते तापमान नव्हे. त्या पत्त्यांवरच्या चिप्समध्ये पट्टीची स्वतःची माहिती कोरलेली असते, आत रांगा किती, रकाने किती, वगैरे. त्यातला एक तुकडा मी अंश समजून दाखवतोय. तो आकडा पट्टी भट्टीत घातली तरी बदलणार नाही. ते प्रश्न नेमके यासाठीच होते, कृपया परत घाला.

तिसऱ्यांदा वाचलं. गृहस्थांचा अभ्यास दांडगा आहे. तरी एक मुद्दा राहतो. रांगा-रकान्यांचा आकडा नेमका सोळा अंश कसा येईल? योगायोगाला मर्यादा असतात. विद्वानांत मतभेद असायचेच.

साहेबांना हे सांगावं की नाही याचा विचार केला. त्यांच्या डोक्याला आधीच पुष्कळ ताप आहे.

रविवार, २३ मार्च

मेव्हणा जेवायला आला होता. त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आमच्या सर्व्हरच्या पट्ट्या त्यानेच दिल्या होत्या. जेवताना विषय काढायचा नव्हता, सौ.ने काढला.

तो हसायला लागला. त्याला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. म्हणाला, "दाजी, त्या पट्ट्यांवर सेन्सर नाहीच आहे. मी सेन्सरवाल्याच दाखवत होतो, तुम्हीच म्हणालात, मशीनला कशाला नखरे, साध्याच दे."

मी असं म्हणालो असेन असं वाटत नाही. बोलण्याची ती माझी पद्धत नाही. सौ. म्हणाली, अगदी तीच आहे.

मग मेव्हणा जरा गंभीर झाला. म्हणाला, बुधवारपर्यंत सेन्सरवाल्या पट्ट्या आणून देतो, अर्ध्या तासात बदलून होतील, तुमचा जुना ड्रायव्हर आपोआप ओळखेल, साहेबांना तेवढं खरं सांगून टाका.

मुलगा मनाने चांगला आहे. पण साहेबांना सांगायचं म्हणजे पाठीवरची थाप परत देण्यासारखं. विचार करून सांगतो म्हटलं. सौ.ने माझ्याकडे बघितलं आणि ताटं उचलली.

बुधवार, २६ मार्च

मेव्हण्याचा फोन आला, आणू का. म्हटलं, आहे त्यात समाधान मानावं. तो म्हणाला, दाजी, तुमचं समाधान ठीक आहे, तपासायला येणाऱ्यांचं काय?

साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा गेलो. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा नव्हते, म्हणून परत फिरलो.

संकल्प: उद्या सकाळी सांगणार.

गुरुवार, २७ मार्च

साहेब बाहेरगावी. देवाची इच्छा स्पष्ट दिसते.

खोली पुसून घेतली. मोठ्या स्क्रीनवर रॅमची रेघ हिरवी केली, जाड केली. शांत तळ्यासारखी दिसते.

शुक्रवार, २८ मार्च, संध्याकाळ

तपासणी झाली.

एक मॅडम आल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्या, आवाज बारीक, पायात कॅनव्हासचे बूट. साहेबांनी स्क्रीनसमोर नेलं. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, एसी बंद करता का जरा.

बंद केला. आम्ही तिघं उभे. दार लावलेलं. साहेबांच्या कपाळावर घाम. खोली पंचवीस, अठ्ठावीस, एकतीस. प्रोसेसर चौऱ्याहत्तर. डिस्क त्रेचाळीस. स्क्रीनवरच्या सगळ्या रेघा वर निघाल्या, हिरवी तेवढी आडवी.

मॅडमनी विचारलं, ही का हलत नाही. मी स्मृतीच्या स्थैर्याबद्दल बोलायला सुरुवात केली. साहेब खोकले. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे सांगायला हवं. कोणीतरी ऐकलं.

मग त्यांनी मशीनचं झाकण काढायला सांगितलं. काढलं. आतून गरम वाफारा तोंडावर आला. म्हणाल्या, "त्या पट्टीवर बोट ठेवा."

ठेवलं. लगेच काढलं.

"किती आहे?"

"सोळा," मी म्हणालो आणि बोट तोंडात घातलं.

मॅडम हसल्या नाहीत. साहेबही हसले नाहीत. एसी परत कोणी सुरू केला ते आठवत नाही.

शनिवार, २९ मार्च

साहेब ओरडतील म्हणून तयारी करून गेलो होतो. ओरडले नाहीत. बसा म्हणाले. विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हटलं, अजूनही मतभेद आहेत. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, मॅडम म्हणत होत्या की सेन्सर नाही असं सरळ सांगितलं असतं तर पट्ट्या बदलायला त्यांनी आठवडा दिला असता. आकडा नसणं त्यांना चाललं असतं. हा आकडा चालला नाही.

मी म्हटलं, माझ्याकडे पट्ट्यांची सोय आहे, बुधवारीच येणार होत्या.

हे सांगायला नको होतं.

सौ.ने बोटाला मलम लावलं.  फ्रिजचं रबर तिनेच बदलून घेतलेलं दिसलं, नाडी ओट्यावर घडी करून ठेवली होती.

शुक्रवार, ४ एप्रिल

मशीन नेलं. चार माणसं आली, तासाभरात वायरी गुंडाळून मोकळी झाली. एकाने माझी खुर्चीही उचलली होती, ती परत मागून घेतली.

दुपारी रिकाम्या खोलीत बसलो. पंखे नाहीत, एसी नाही. एवढी शांतता त्या खोलीत कधीच नव्हती. नामस्मरणाला बसलो. दहा-बाराच्या पुढे जाईना. कान सारखे तो आवाज शोधत होते.

या खोलीत आता जुन्या फाईली ठेवणार.

सोमवार, ७ एप्रिल, सकाळी ११

फोनचं टेबल. पहिला दिवस. खुर्चीखाली एक खोकं ठेवलं, पाय टेकतात. बाई समोरच बसतात. त्यांनी नेहमीच्या तक्रारींची उत्तरं शिकवली, प्रेमाने शिकवली. म्हणाल्या, एकच लक्षात ठेवा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.

भीती उगाच होती. साडेनऊपासून बसलोय, एकही तक्रार नाही. बाईंच्या काळात सोमवारी फोन थांबत नसे असं त्या स्वतः सांगतात. शांत माणूस बसला की ते दूरवर जाणवत असावं. लोकांच्या मनातलंच काहीतरी निवळतं. संकल्प: हे टेबलही एक साधनाच मानायचं.

सकाळी ११.२०

बाई उठून आल्या. फोन उचलून कानाला लावला, परत ठेवला. टेबलाखाली वाकल्या आणि वायर भिंतीत बसवली.

वाजला.

अजून वाजतोय. बाई माझ्याकडे बघतायत.